विस्तार, आशय आणि स्थान : मुक्तविश्वाच्या खेळांविषयीचा एक खोटा वाद

१

मुक्तविश्वाच्या भूमिकाधारी खेळांविषयी गेली काही वर्षे जो वाद चालला आहे, त्याचे दोन्ही पक्ष परस्परविरोधी दिसत असले तरी एकाच चुकीवर उभे आहेत. ज्यांना ओपन वर्ल्ड रोल-प्लेइंग गेम म्हणतात त्या या व्हिडिओ गेममध्ये खेळणारा एखादे पात्र धारण करतो, एका कल्पित प्रदेशात हवे तिकडे भटकतो आणि वाटेत भेटणाऱ्यांकडून कामगिऱ्या स्वीकारतो किंवा नाकारतो. हा प्रदेश केवढा असावा, हा वादाचा विषय आहे. पहिला पक्ष विस्तारवाद्यांचा. प्रदेश जेवढा मोठा तेवढे खेळणाऱ्याचे स्वातंत्र्य मोठे, असे त्याचे म्हणणे. जाहिरातींत चौरस किलोमीटरांचे आणि ग्रहांचे आकडे छापले जातात ते या समजुतीच्या बळावर. दुसरा पक्ष आशयवाद्यांचा. मोठे घर, पोकळ वासा, असा त्याचा आक्षेप. प्रदेश लहान असला तरी चालेल, पण त्यात पावलोपावली काहीतरी अर्थपूर्ण हवे, असा त्याचा आग्रह.

सुशिक्षित रसिकाची सहानुभूती साहजिकच दुसऱ्या पक्षाकडे झुकते. साहित्याच्या अभ्यासकाची तर अधिकच झुकते, कारण पृष्ठसंख्येला भुलू नये हा संस्कार त्याच्यावर विद्यार्थिदशेतच झालेला असतो. परंतु हा दुसरा पक्षही पहिल्याइतकाच मोजणीचा गुलाम आहे, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही. पहिला पक्ष क्षेत्रफळ मोजतो, दुसरा क्षेत्रफळाला आशयाने भागतो. दर चौरस किलोमीटरला किती कामगिऱ्या, किती संवाद, किती गुहा, असा घनतेचा हिशेब तो मांडतो. विश्व म्हणजे एक भांडे आणि आशय म्हणजे त्यात भरावयाचा जिन्नस, ही कल्पना दोघांनाही मान्य आहे. भांडे मोठे असावे की काठोकाठ भरलेले असावे, एवढाच काय तो मतभेद. रूप आणि आशय यांची अशी फारकत कवितेच्या बाबतीत कोणी केली, तर मर्ढेकरांनंतरच्या मराठी समीक्षेत ती क्षणभरही टिकणार नाही. खेळांच्या बाबतीत मात्र ती निमूटपणे खपवून घेतली जाते.

कल्पित विश्वाचे एकक क्षेत्रफळ नव्हे आणि आशयाचे नगही नव्हेत. ते एकक आहे 'स्थान'. येथे स्थान ही संज्ञा एका निश्चित अर्थाने योजिली आहे : ज्याच्या जागी दुसरे ठेवून भागत नाही आणि जे कायमचे गमावता येते, ते स्थान. या दोन अटी पूर्ण न करणारी जागा कितीही गजबजलेली असली तरी ती केवळ अवकाश होय. यी-फू तुआन या भूगोलवेत्त्याने १९७७ साली अवकाश आणि स्थान यांतील भेद ग्रंथरूपाने मांडला आणि अनुभवाने अवकाशाचे स्थान होते असे प्रतिपादले. खेळांच्या संदर्भात केवळ अनुभव पुरेसा नाही. खेळ नियमांचा बनलेला असतो, म्हणून स्थानाची घडणही नियमांतच शोधावी लागते.

२

विस्तारवादाचा इतिहास उद्बोधक आहे, कारण त्यातील शहाणपण आरंभीच सांपडले होते आणि नंतर हरवले. १९८४ साली डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या केंब्रिजच्या दोन विद्यार्थ्यांनी 'एलीट' हा अंतराळव्यापाराचा खेळ रचला. त्या काळच्या संगणकाची स्मृती इतकी तोकडी होती की ग्रहांची माहिती साठवून ठेवणेच शक्य नव्हते. म्हणून त्यांनी एका गणिती सूत्रातून ग्रह उत्पन्न केले. सूत्र तेच राहिले तर ग्रहही दर वेळी तेच निघत. या युक्तीने दोनच्या अठ्ठेचाळिसाव्या घाताइतक्या, म्हणजे सुमारे २८१ लाख कोटी आकाशगंगा निर्माण करता येत होत्या. प्रकाशक असलेल्या एकॉर्नसॉफ्ट या संस्थेने त्यांना आठ आकाशगंगांवर थांबविले. प्रत्येकीत २५६ ग्रह. आकडा अवाढव्य झाला की त्यामागील यंत्र उघडे पडते, हे त्या प्रकाशकाला कळले होते.

पुढच्या पिढीला ते कळले नाही. १९९६ साली बेथेस्डा या अमेरिकी संस्थेने 'डॅगरफॉल' प्रसिद्ध केला. त्याचा प्रदेश ग्रेट ब्रिटनएवढा असल्याचे सांगितले गेले, आणि गावे, शहरे, तळघरे मिळून त्यात सुमारे पंधरा हजार ठिकाणे होती. यांतील बहुसंख्य ठिकाणे सूत्राने घडविलेली. एका गावातून निघून दुसऱ्या गावी पोचावे, तर तेथे त्याच सराया, तीच दुकाने, तीच उत्तरे देणारी माणसे. गावांची नावे वेगळी होती, पण नावाखेरीज वेगळे असे फारसे काही नव्हते.

२०१६ साली 'नो मॅन्स स्काय' हा खेळ आला तेव्हा या प्रवृत्तीने आपले टोक गाठले. त्यातील ग्रहांची संख्या दोनचा चौसष्टावा घात. दर सेकंदाला एक ग्रह पाहिला, तरी सगळे पाहून व्हायला सुमारे ५८,००० कोटी वर्षे लागतील. हा आकडा मराठी वाचकाला अपरिचित नाही. बुद्धिबळाच्या पटाच्या पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट करीत जाण्याची जी जुनी गोष्ट शाळेत सांगितली जाते, तिच्यातील एकूण दाणे या ग्रहांहून केवळ एकाने कमी भरतात. गोष्टीतील राजा दाण्यांच्या आकड्याने थक्क होतो. त्या गोष्टीत ज्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही तो पट मात्र चौसष्ट घरांचाच असतो, आणि शतकानुशतके माणसांना पुरून उरतो तो पट, दाणे नव्हेत.

सूत्राने उपजविलेल्या विपुलतेची मर्यादा केट कॉम्प्टन या अभ्यासिकेने २०१६ साली लापशीच्या दृष्टांताने दाखविली. दहा हजार वाट्या लापशी केली तर कोणत्याही दोन वाट्यांतील कण अगदी सारखे पडलेले नसतात. गणिताने प्रत्येक वाटी अद्वितीय ठरते, खाणाऱ्याला मात्र ती लापशीच असते. भेद असणे आणि भेद जाणवणे या निराळ्या गोष्टी होत, हा तिचा मुद्दा निःसंशय योग्य आहे. परंतु तो पुरेसा नाही. भेद जाणवला, तरी त्या भेदामुळे काही बिघडते किंवा घडते का, हा प्रश्न उरतोच. एका ग्रहावर जांभळे गवत आहे आणि दुसऱ्यावर तांबडे, हे जाणवण्याजोगे आहे. पण यांपैकी एक ग्रह उद्या नाहीसा झाला तर खेळणाऱ्याचे काय जाईल? काहीच नाही. त्याच्या बदली दुसरा घेता येतो. या खेळाच्या कर्त्यांनी प्रकाशनानंतर काही महिन्यांतच त्यात घर बांधण्याची सोय केली आणि पुढील वर्षांत पुष्कळ भर घातली, हे येथे न्यायाने नोंदविले पाहिजे. ती भर कोणत्या जातीची आहे तेही पाहिले पाहिजे. एक ग्रह आपला म्हणता यावा, तो इतर ग्रहांच्या बदली देता येऊ नये, अशी तजवीज करावी लागली. म्हणजे विस्ताराच्या पोटात स्थान निर्माण करावे लागले.

३

आशयवाद्यांचा समज असा की 'डॅगरफॉल'चा दोष रिकामेपणाचा होता आणि त्यावरचा इलाज भरणा हा होता. वस्तुस्थिती निराळी आहे. बेथेस्डाने २००२ साली 'मॉरोविंड' प्रसिद्ध केला, तेव्हा प्रदेश आधीच्या तुलनेने नगण्य इतका लहान केला आणि तो हाताने घडविला. हे सर्वजण सांगतात. पण या खेळाचे सामर्थ्य हस्तकौशल्यात शोधणे म्हणजे मुद्दा चुकणे होय. ते सामर्थ्य तीन नियमांत होते.

पहिला नियम दिशांचा. कोठे जायचे हे नकाशावरील बाण दाखवीत नसे. गावातला माणूस तोंडी सांगे : अमक्या पुलावरून जा, दगडी खुणेपाशी पूर्वेला वळ, टेकडीच्या मागे दार आहे. कधीकधी या खुणा चुकीच्याही निघत. दुसरा नियम प्रवासाचा. ठरावीक गावांहून ठरावीक गावीच भाडे भरून जाता येई, तालुक्याच्या ठिकाणाहून सुटणाऱ्या एसटीप्रमाणे. उरलेली वाट पायी. तिसरा नियम सर्वांत महत्त्वाचा. कथानकाला आवश्यक असलेल्या पात्रालाही ठार मारता येई. तसे केल्यास भविष्यवाणीचा धागा तुटल्याची सूचना खेळ देई. मग जुन्या टप्प्यावर परतावे, नाहीतर त्या नासलेल्या जगात तसेच पुढे राहावे. जग गमावता येत होते, आणि खेळणाऱ्याला ते ठाऊक होते.

२००६ सालच्या 'ऑब्लिव्हियन'मध्ये हे तिन्ही नियम गेले. होकायंत्रावर बाण आला. एकदा पाहिलेल्या ठिकाणी आणि मोठ्या शहरांत क्षणार्धात पोचण्याची सोय झाली. आवश्यक पात्रे अवध्य झाली, त्यांना कितीही घाव घातले तरी ती मूर्च्छित पडत आणि काही वेळाने उठून बसत. या खेळात आशयाचा भरणा कमी होता असे कोणीही म्हणणार नाही. त्यातील कामगिऱ्या आणि संवाद विपुल होते, काही उत्कृष्टही होते. तरीही त्याचा प्रदेश खेळणाऱ्याच्या मनात प्रदेश म्हणून राहत नाही. राहते ती ठिकाणांची यादी. बाणाच्या मागे चालणाऱ्याला पूल दिसत नाही, कारण पुलाने काही सांगितलेलेच नसते. घनतेच्या कसोटीवर हा खेळ उत्तीर्ण होतो आणि स्थानाच्या कसोटीवर अनुत्तीर्ण. आशयवाद्यांच्या मापाला या दोहोंतील फरक सांपडत नाही, यातच त्या मापाचे अपुरेपण सिद्ध होते.

मराठी परंपरेला हा फरक फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. महानुभावांची 'स्थानपोथी' हे त्याचे उत्तम उदाहरण. यादवकालाच्या मागोमाग सिद्ध झालेला हा ग्रंथ चक्रधरांच्या संचाराची ठिकाणे नोंदवितो. देऊळ कोणत्या दिशेला तोंड करून आहे, त्याच्यापासून अमुक जागा किती अंतरावर, कोठे वास्तव्य झाले, कोठे आसन झाले, असा त्याचा तपशील असतो. यादवकालीन भूगोलाचे साधन म्हणून संशोधकांनी त्याचा उपयोग केला आहे. परंतु हा भूगोलाचा ग्रंथ नव्हे. त्यात एखादी जागा येते ती केवळ तेथे लीळा घडली म्हणून. लीळा घडली नसेल तर मोठे नगरही त्याच्या दृष्टीने अस्तित्वात नाही, आणि घडली असेल तर एखादा ओटाही सोडून चालत नाही. त्या ओट्याच्या बदली शेजारचा ओटा दाखविता येत नाही. त्याची खूण बुजली तर ती कायमची बुजते, म्हणूनच ती लिहून ठेवावी लागते. स्थानाच्या वर सांगितलेल्या दोन्ही अटी या पोथीत पूर्ण होतात. 'मॉरोविंड'मधील वाट सांगणारा गावकरी आणि 'स्थानपोथी'तील दिशानिर्देश यांच्यामध्ये अर्थातच कोणताही ऐतिहासिक संबंध नाही. साम्य आहे ते विश्व रचण्याच्या तत्त्वात.

उलट प्रवासाचे उदाहरणही याच परंपरेत मिळते. मोक्षपटाचे कर्तृत्व ज्ञानेश्वरांकडे देण्याचा प्रघात आहे, त्याला इतिहासाचा पक्का आधार नाही. पण या जातीचे पट भारतात दीर्घकाळ खेळले जात होते, यात शंका नाही. त्यांतील घरांना नावे असत. कोठे गुण, कोठे दोष, कोठे लोक. शिडीने वर नेणारे घर कोणते आणि सापाच्या तोंडी देणारे कोणते, यात अर्थ होता. हाच खेळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात गेला, प्रथम तेथल्या नीतिकल्पनांच्या चित्रांसह आणि पुढे केवळ आकड्यांसह. 'सापशिडी' म्हणून घरोघरी खेळला जातो तो हा आकड्यांचा अवशेष. घरे राहिली, साप राहिले, शिड्या राहिल्या. विस्तारवाद्याच्या मापाने काहीच कमी झाले नाही. आशयवाद्याच्या मापानेही पट साप आणि शिड्या यांनी भरलेलाच आहे. तरीही सत्तेचाळीस आणि अठ्ठेचाळीस या घरांमध्ये आता क्रमाखेरीज कोणताही भेद उरलेला नाही. जे गेले ते स्थान.

४

विश्वाच्या आकाराची चर्चा अखेरीस प्रत्यक्ष जागेच्या जाणिवेवर टेकते, म्हणून खेळाबाहेरची एक जागा येथे तपासून पाहणे इष्ट ठरेल. पुणे-सोलापूर महामार्गावर भिगवण सोडले की इंदापूर तालुक्यात डाळज लागते. सरकारी दप्तरात ते एक गाव नाही. डाळज क्रमांक १, २ आणि ३ अशी तीन गावे आहेत. एखाद्या अनोळखी समीक्षकाला ही नावे 'डॅगरफॉल'च्या सूत्रातून निघाल्यासारखी वाटतील. महामार्गावरून जाणाऱ्याला एका बाजूस उसाची शेते आणि दुसऱ्या बाजूस उजनीचा जलाशय दिसतो. मैलोगणती सपाट पाणी. खेळाच्या परीक्षणाची भाषा वापरावयाची तर हा रिकामा प्रदेश. आशयवादी समीक्षक येथे काहीतरी ठेवा म्हणेल. विस्तारवादी निर्माता या पाण्याचे क्षेत्रफळ जाहिरातीत मोजून दाखवील.

हे पाणी रिकामे नाही, याचे कारण त्यावर काही ठेवलेले आहे हे नव्हे. हिवाळ्यात येथे रोहित पक्षी उतरतात आणि ते पाहायला माणसे येतात, ही गोष्ट खरी. पण तेवढ्याने अर्थ येत असता तर पक्ष्यांची संख्या वाढवून तो वाढविता आला असता. भीमेवरील उजनी धरण १९८० साली पुरे झाले आणि इंदापूर, दौंड, कर्जत, करमाळा या तालुक्यांतील नदीकाठची गावे आणि शेते पाण्याखाली गेली. शेजारचे जुने पळसदेव त्यांपैकीच एक. गाव महामार्गालगत नव्याने वसले, पळसनाथाचे प्राचीन मंदिर पाण्यात राहिले. उजनीची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी, आणि तीत निम्म्याहून अधिक मृतसाठा. त्यामुळे या भागात धरणाची पातळी शून्याखालीही मोजतात. 'धरण उणे गेले' हा तेथल्या रोजच्या बोलण्यातला शब्द. २०२४ च्या उन्हाळ्यात पातळी फार खोल उणे गेली, तशी ती गेली की मंदिर उघडे पडते, काठावरच्या गाळपेर जमिनी वर येतात आणि जुन्या खुणा ओळखू येऊ लागतात. पावसाळ्यात भीमेच्या वरच्या धरणांतून पाणी सुटले की सगळे पुन्हा आत जाते.

या जागेचा अर्थ तिच्यातील वस्तूंमध्ये नाही, पातळी या एका चलामध्ये आहे. मंदिर वर येणे ही पर्वणी आहे आणि आपत्तीही, कारण ज्या वर्षी ते दिसते त्या वर्षी खाली सोलापुरापर्यंत पाण्याची ओरड असते. तेच पाणी कोणाचा ऊस आहे, कोणाची मासेमारी, कोणाच्या नळाचे पाणी, कोणाच्या बुडालेल्या वाड्याचे छप्पर. इंदापूरला पाच टीएमसी पाणी देण्याचा निर्णय २०२१ मध्ये झाला, त्याविरुद्ध सोलापूर जिल्ह्यात विरोध उसळला आणि तो निर्णय मागे घ्यावा लागला. पाण्याच्या पातळीतील वीतभर फरकाला किती माणसांचे आयुष्य बांधलेले आहे, हे त्यावरून कळावे. बुडालेल्या गावाच्या बदली जमीन मिळते, घर मिळते, क्रमांकही मिळतो. गाव मिळत नाही. विश्वास पाटील यांची 'झाडाझडती' (१९९१) ही धरणग्रस्तांची कादंबरी ज्या वेदनेवर उभी आहे ती हीच. बदली देता न येणाऱ्या वस्तूची बदली देण्याचा व्यवहार, हे तिचे सूत्र.

आता समजा, एखाद्या खेळकर्त्याने हा पट्टा आपल्या मुक्तविश्वात घेतला. विस्तारवादी असेल तर तो जलाशय शंभर पटींनी वाढवील. आशयवादी असेल तर मंदिराच्या गाभाऱ्यात खजिन्याची पेटी ठेवील, काठावर बारा कामगिऱ्या पेरील आणि पाण्यात एखादा राक्षस सोडील. दोघेही डाळज गमावतील. त्याला हवे असलेले काम निराळे आहे. पाण्याची पातळी खेळणाऱ्याच्या आणि इतरांच्या कृत्यांनी बदलली पाहिजे, मंदिर बहुतेक काळ अगम्य राहिले पाहिजे, ते वर आणण्याची किंमत कोणीतरी दिली पाहिजे आणि ती किंमत परत मिळता कामा नये. एवढा एक नियम असेल तर मैलोगणती सपाट पाणीही निरर्थक वाटणार नाही. तो नसेल तर बारा कामगिऱ्यांनीही काही साधणार नाही.

५

या भूमिकेवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की विस्ताराचे स्वतःचे एक सौंदर्य असते. माळरानावर एकट्याने चालण्यात जी उदात्ताची जाणीव होते तिला कथानकाची गरज नसते. हा आक्षेप पूर्ण मान्य करता येतो, आणि तो घनतावाद्यांच्याच विरुद्ध जातो. २००५ सालच्या 'शॅडो ऑफ द कोलोसस'मध्ये फुमितो उएदा या जपानी खेळकर्त्याने एक विस्तीर्ण, ओसाड प्रदेश निर्माण केला. त्यात सोळा महाकाय प्राणी आहेत आणि त्यांखेरीज लढण्याजोगे कोणीही नाही. घनतेच्या हिशेबाने हा खेळ नापास व्हावा. तरी त्यातील ओसाडी जाणवते, कारण त्या सोळांपैकी प्रत्येक जण एकदाच मरतो, त्याच्यासारखा दुसरा नसतो आणि प्रत्येक वधागणिक नायक स्वतःही काही गमावीत जातो. मोकळा प्रदेश या सोळा मृत्यूंमधले अंतर असतो. उदात्ताला शरीराची मर्यादा लागते. नकाशावर बोट ठेवून तत्काळ पोचणाऱ्याला शरीरच नसते, मग त्याला विस्तार तरी कसला?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर. साहित्याच्या कसोट्या खेळांवर लादू नयेत, हा विचार एस्पन आर्सेथ यांच्या 'सायबरटेक्स्ट' (१९९७) या ग्रंथापासून आणि त्यानंतरच्या वादातून दृढ झाला. खेळ हा आधी खेळ आहे, कथा नंतर, हे त्यातील मर्म ग्राह्य आहे. पण येथे मांडलेली कसोटी कथेची नाही. अदलाबदल आणि अपरिवर्तनीयता या नियमांच्या कोटी आहेत. बुद्धिबळात मारलेला वजीर हा कथेचा भाग नसतो, तरीही त्याच्या जाण्याला अर्थ असतो. शिवाय जेथे खेळ आणि गद्य खरोखर एकत्र आले, तेथेही हीच कसोटी लागू पडलेली दिसते. 'डिस्को एलिसियम' (२०१९) या खेळाचा प्रमुख कर्ता रॉबर्ट कुर्विट्झ हा एस्टोनियन कादंबरीकार. त्यात दहा लाखांहून अधिक शब्द आहेत आणि प्रदेश आहे तो एका पडक्या बंदरवस्तीएवढा. आशयवादी या खेळाचा दाखला आपल्या बाजूने देतात आणि शब्दांचा आकडा पुढे करतात. शब्द हे त्याचे बळ नव्हे. त्यात अपयश येते आणि ते अपयश जगाच्या अंगावर राहते, हे त्याचे बळ. एकदा बोललेले मागे घेता येत नाही अशा वस्तीतून खेळणारा हिंडत असतो.

६

हा सगळा वाद मराठी समीक्षेला परका वाटण्याचे कारण नाही. भालचंद्र नेमाडे यांनी 'टीकास्वयंवर'मधील (१९९०) कादंबरीविचारात प्रदीर्घ भाषिक अवकाश आणि आशयसूत्र या संज्ञा एकमेकींना जोडून वापरल्या. नंतरच्या पुष्कळ अनुयायांनी त्यांतील पहिली उचलली आणि दुसरी सोडून दिली. अवकाश म्हणजे पृष्ठे, गावे, पिढ्या आणि बोली यांची बेरीज, असा त्याचा अर्थ झाला. तिकडे त्यांच्या विरोधकांनी आटोपशीरपणा हाच गुण मानला. हा वादही विस्तार आणि घनता यांच्यातच फिरत राहिला. प्रत्यक्ष कलाकृती दोघांनाही दाद देत नाहीत. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) लहानशी आहे आणि तिचा प्रदेश म्हणजे माणदेशातील मूठभर घरांची धनगरवस्ती. ती मनात राहते ती आटोपशीर म्हणून नव्हे. दुष्काळ पडतो, वाडी उठते, आणि त्या वाडीच्या बदली दुसरी वाडी दाखविता येत नाही, हे त्या कादंबरीने तोवर सिद्ध केलेले असते. 'हिंदू' (२०१०) प्रचंड आहे. तिच्या उपशीर्षकातील 'समृद्ध अडगळ' हे शब्द वस्तुतः या चर्चेची किल्ली आहेत. अडगळ समृद्ध होते ती टाकून देता येत नाही तेव्हा. मुक्तविश्वाच्या नकाशावर विखुरलेली शेकडो पिसे, नाणी आणि पेट्या हीही अडगळच, पण कशीही टाकता येणारी.

हा प्रश्न केवळ शास्त्रीय नाही. पुण्यात आज खेळ घडतात. 'राजी : अॅन एन्शंट एपिक' हा नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या छोट्या संस्थेचा खेळ २०२० साली प्रसिद्ध झाला. तो मुक्तविश्वाचा नव्हे, त्याची वाट बहुतांशी सरळ आहे. परंतु भारतीय पुराणे आणि इतिहास यांवर भव्य मुक्तविश्वे उभारण्याची आकांक्षा आता स्वाभाविकपणे बळावणार. तिच्या मागे सह्याद्रीचे किल्ले, लेणी, वाऱ्या, घाट यांची समृद्ध सामग्री तयार आहे. धोका नेमका तेथेच आहे. साडेतीनशे किल्ले हुबेहूब उभारले आणि ते एकमेकांच्या बदली चालण्यासारखे झाले, तर साडेतीनशे वाट्या लापशी होईल. त्यावर आशयवादी समीक्षकांनी प्रत्येक किल्ल्यावर दहा कामगिऱ्यांची मागणी केली, तर लापशीत साखर पडेल. सापशिडीने मोक्षपटाचे जे केले तेच हे भव्य खेळ या भूगोलाचे करतील, आणि या वेळी करणारे हात इंग्लंडातले नसतील.

समीक्षकाचे काम येथे सुरू होते. प्रदेश केवढा, हा प्रश्न त्याने जाहिरातदारांना सोडून द्यावा. तो भरलेला आहे की रिकामा, हा प्रश्नही सोडावा. प्रत्येक खेळाला, आणि प्रत्येक प्रदीर्घ कादंबरीलाही, त्याने विचारावे की यातील कोणती जागा दुसऱ्या जागेच्या बदली चालणार नाही, कोणती कायमची गमावता येते, आणि ती गमावल्याची किंमत कोण देतो. या प्रश्नांना उत्तरे नसतील तर दोनच्या चौसष्टाव्या घाताइतके ग्रहही एका घराच्या पटाएवढे ठरतात. उत्तरे असतील तर तीन क्रमांकांची गावे पुरतात. डाळज क्रमांक २ हे नाव सूत्रातून निघाल्यासारखे दिसते खरे, पण त्याच्या काठावर उभा राहून समोरच्या पाण्यात जुनी वाट कोठून जात होती हे सांगणारा माणूस अजून भेटू शकतो. तो बाण दाखवीत नाही, खुणा सांगतो, आणि त्यांतल्या काही खुणा आता चुकीच्या असणार.